पंच न केलेलं तिकीट

बर्लिनला आल्यावर पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते यू-बानच्या स्टेशनांचं. यू-बान म्हणजे इथली मेट्रो. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मेट्रोत कार्ड किंवा तिकीट टेकवल्याशिवाय फाटक उघडत नाही. इथे फाटकच नाही. जिना उतरायचा, गाडी आली की चढायचं. प्लॅटफॉर्मवर एक छोटा डबा असतो. कागदी तिकीट त्यात आपणच घालायचं, की त्यावर ठिकाण आणि वेळ छापली जाते. नाही छापलं, तर बहुतेक दिवशी काहीही होत नाही.

मी हे बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बाबांनी उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. गळ्यात चामड्याची बॅग, हातात तिकिटांची पेटी आणि पंच. लहानपणी गाडीतल्या दांडीवर त्यांनी पंच आपटला की मला तो आवाज गर्दीतूनही ओळखू यायचा.

"म्हणजे कंडक्टरच नाही?" त्यांनी विचारलं. "मग पंच कोण करतं?"

"आपलं आपणच."

"आणि लोक करतात?"

"करतात."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भारीच की!"

मी त्यांना हे सांगितलं नाही, की त्याच आठवड्यात मी तिकीट पंच करणं बंद केलं होतं.

ही 2023च्या सप्टेंबरातली गोष्ट. इथे हिवाळी सेमेस्टर 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि माझं प्रवासाचं सेमेस्टर तिकीटही तेव्हापासूनच लागू होणार होतं. मधले तीन आठवडे स्वतःच्या खिशातून प्रवास. मी चार फेऱ्यांचं तिकीट घेतलं. दहा युरोंच्या आसपास, म्हणजे नऊशे रुपये. नवीन आलेला विद्यार्थी प्रत्येक गोष्टीला नव्वदने गुणतो. कांदे, शाम्पू, कॉफी. शैक्षणिक कर्जाचा आकडा डोक्यात असला की हा गुणाकार थांबत नाही. चारांतल्या दोन फेऱ्या मी पंच केल्या. उरलेली दोन तिकिटं पाकिटात राहिली आणि त्यांच्या भरवशावर मी आणखी चौदा फेऱ्या केल्या.

मनाशी युक्तिवाद तयार होते. गाडी तशीही जाणारच होती. माझ्या वजनाने वीज जास्त जळत नाही. तिकीट मी विकत घेतलेलंच आहे, फक्त छापलेलं नाही. कुणी आलंच तर गोंधळलेला चेहरा करून सांगायचं, मी नवीन आहे.

मग एके दिवशी ते आले. मी यू-8 या लाइनवर होते, बॉडिनश्ट्रासेहून अलेक्झांडरप्लाट्झकडे निघालेली. श्योनलाइनश्ट्रासेला दार बंद झालं आणि साध्या कपड्यांतल्या दोघांनी ओळखपत्रं काढली. "फारशाइने, बिटे." तिकिटं दाखवा. माझ्या पोटात गोळा आला. ते डब्याच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथे एक माणूस पिशव्यांच्या गराड्यात बसला होता. दाढी वाढलेली, एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. त्याच्याकडे तिकीट नव्हतं. ओळखपत्र शोधण्यात, नाव-पत्ता विचारण्यात वेळ गेला. कोटबुसर टोर आलं. दोघे त्याला घेऊन खाली उतरले. मीही उतरले. मला तिथे उतरायचं नव्हतं, तरी उतरले, आणि त्यांच्या शेजारून, पाकिटातली दोन कोरी तिकिटं घेऊन, जिना चढून बाहेर आले.

त्यांनी मला मुद्दाम सोडलं असं मी म्हणत नाही. कदाचित ते त्या टोकापासून सुरू झाले होते, एवढंच. पण पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि कानात इअरफोन असलेल्या मुलीला त्या जिन्यावर कुणी हटकलं नाही, हेही खरं. त्या दोन मिनिटांत माझं दिसणं हेच माझं तिकीट झालं होतं.

पुढे काय होतं ते मी नंतर वाचलं. विनातिकीट सापडलं तर दंड 60 युरो. मी पकडले गेले असते तर रडतखडत भरला असता आणि महिनाभर डाळ-भात खाल्ला असता. विषय संपला असता. पण जर्मन दंडसंहितेच्या 265अ या कलमानुसार विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हाही आहे. हे कलम 1935 सालचं, हिटलरच्या राजवटीतलं. शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. वारंवार पकडला गेलेला माणूस कोर्टापर्यंत पोचतो, कोर्ट त्याला दंड ठोठावतं, आणि तो भरता आला नाही तर त्याऐवजी तुरुंग. पूर्वी दंडाच्या एका दिवसाच्या हप्त्याला तुरुंगातला एक दिवस असा हिशेब होता. फेब्रुवारी 2024पासून दोन हप्त्यांना एक दिवस असा झाला. म्हणजे कागदावर गुन्हा विनातिकीट प्रवासाचा असतो, पण शेवटी माणूस आत जातो तो पैसे नाहीत म्हणून.

नैतिकतेवरच्या चर्चेत प्लेटोने सांगितलेली गायजेसच्या अंगठीची गोष्ट हमखास येते. एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो हवं ते बळकावतो. प्रश्न असा, की कुणीच बघत नसेल तर माणूस प्रामाणिक राहील का? मला ही गोष्ट कॉलेजपासून माहीत होती. यू-8मध्ये कळलं की अंगठी सगळ्यांना सारखी मिळत नाही. काहींना ती जन्मासोबत, कपड्यांसोबत, कॉलेजच्या ओळखपत्रासोबत मिळते. काही माणसं मात्र डब्यात शिरल्या क्षणीच सगळ्यांना दिसतात. प्लेटोच्या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारायला हवा: कोण बघत नाहीये, आणि कुणाकडे?

ऑक्टोबर उजाडला. सेमेस्टर तिकीट आलं आणि मी एका रात्रीत प्रामाणिक झाले. तिकीट तपासणारे आले की मीच फोन पुढे करते. कांटने 1785मध्ये एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, पण धंद्याचं नाव राहावं म्हणून. कांट म्हणतो, वागणं योग्य आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. माझं तर त्या दुकानदाराच्याही खालचं. त्याला निदान फसवायची संधी तरी होती. माझा प्रामाणिकपणा कॉलेजच्या फीमध्येच भरला गेलाय. रोज मी तो दाखवते तेव्हा मला थोडं बरं वाटतं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

हे सगळं मी कुणालाच सांगितलं नसतं. पण मागच्या वर्षी आई फोनवर सहज म्हणाली, की बाबा चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत असतात, जर्मनीत लोक आपलं तिकीट आपणच पंच करतात, आणि माझी पोरगी तिथं शिकते. दोन्ही वाक्यं एका दमात. मग मला राहवलं नाही. मी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या माणसाचंही.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कंडक्टरसारखा प्रश्न विचारला. "किती फेऱ्या?"

"चौदा."

"पैसे भरलेस?"

"कुणाकडे भरू, बाबा? आणि माझ्यामुळे कुणाचं काही गेलं नाही. तो माणूस माझ्यामुळे नाही पकडला गेला."

"तुझ्यामुळे नाहीच," ते म्हणाले. "पण संध्याकाळी डेपोत हिशेब देताना कॅश कमी पडली, की मी खिशातून घालायचो. गाडीतल्या कुणामुळे कमी पडली ते मला कधीच कळायचं नाही. त्या माणसालाही माझं तोंड आठवत नसेल. कमी पडलेलं कुणाच्या तरी खिशातून जातंच बघ. कुणाच्या, ते आपल्याला दिसत नाही एवढंच."

मी यावर वाद घालू शकले असते. बर्लिनच्या मेट्रोचा तोटा आणि एसटीच्या कंडक्टरचा खिसा यांत फरक आहे. पण त्यांचं म्हणणं पैशांपुरतं नव्हतं. चौदा फेऱ्यांत माझ्या मनात एकदाही दुसरा माणूस आला नव्हता. माझे सगळे युक्तिवाद गाडी, वीज आणि कागद यांच्याबद्दल होते. अप्रामाणिकपणा करताना आपण समोरचा माणूस आधी पुसून टाकतो आणि मग म्हणतो, कुणाचंच नुकसान झालं नाही.

पुढच्या रविवारी मी चार फेऱ्यांची चार तिकिटं घेतली आणि बॉडिनश्ट्रासेच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून चौदा वेळा पंच केली. एक आजोबा बराच वेळ बघत होते. मला वेड्यासारखं वाटत होतं. मेट्रोचा हिशेब मिटला. कोटबुसर टोरच्या जिन्याचा मिटला नाही. 'फ्रायहाइट्सफॉन्ड्स' नावाचा एक उपक्रम इथे 2021पासून चालतो. देणग्या जमवून, तिकिटापायी तुरुंगात गेलेल्यांचा दंड भरून त्यांना सोडवतो. हजाराहून जास्त माणसं अशी बाहेर आली आहेत. चौदा फेऱ्यांइतकी रक्कम मी तिथेही पाठवली. त्याने कुणाचे किती दिवस कमी झाले असतील, ते मला कळणार नाही. तो माणूस त्यांत नसणार, हे जवळजवळ नक्की.

त्या वेळी डब्यात हात वर करून "माझंही पंच केलेलं नाही" असं म्हणायला हवं होतं का? त्याची सुटका झाली नसती. माझे 60 युरो गेले असते. फक्त त्या डब्यात विनातिकीट माणसं दोन होती, हे खरं तिथे बोललं गेलं असतं. मला अजून वाटतं की म्हणायला हवं होतं. उद्या तशीच वेळ आली तर मी म्हणेन की नाही, हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. सेमेस्टर तिकीट असेपर्यंत ती वेळ येणारही नाही.

दोन कोरी तिकिटं उरली आहेत, ती पाकिटात आहेत. बाबा अजून टपरीवर जातात. जर्मनीची ती गोष्ट ते अजून सांगतात का, हे मी विचारलेलं नाही.