परीक्षा कोणाची?



कडक धर्माने माणूस सुधारतो की निष्ठुर होतो? उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील प्युरिटन पंथाचे लोक अमेरिकेत जाऊन वसले. बायबलमध्ये नाही ते उपासनेत नको, असा त्यांचा आग्रह. तो इतका, की १६५९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला गेला! पण प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे, हीही त्यांची श्रद्धा होती. म्हणून १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमणे भाग पडले. देवासमोर आपण कसे आहोत, हे ते रोजनिशीत लिहीत. अमेरिकेचे सुरुवातीचे बरेचसे साहित्य अशा रोजनिश्या, प्रवचने आणि आत्मकथने यांचेच आहे.

हीच नजर शेजाऱ्याकडे वळली तेव्हा अनर्थ झाला. १६९२ साली सेलम येथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ स्त्री-पुरुषांना फाशी दिले गेले. त्या खटल्यांतील एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १६९७ साली बॉस्टनच्या चर्चमध्ये भरसभेत उभे राहिले आणि त्यांनी लिहून दिलेली अपराधाची कबुली पाळकांनी सर्वांसमोर वाचली. नजर पुन्हा स्वतःकडे वळली होती.

या प्युरिटनांच्या वारसांचे मिशन १८१३ साली मुंबईत आणि पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आले. त्या मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले. मिस फरार यांची तेथील मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतः शाळा काढली. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते याच मिशनमध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी सोवळे-ओवळे एका दिवसात सोडले नाही. ती सारी ओढाताण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणी, स्वतःलाच हसत सांगितली आहे. त्यात इतरांवर निकाल नाही, म्हणूनच वाचणाऱ्याचे मन आपोआप तपासले जाते.

मला वाटते, उत्तर येथेच आहे. दोष कडकपणाचा नाही. तो कोणावर चालवायचा, हा प्रश्न आहे. स्वतःवर चालवला तर शाळा उभ्या राहतात, पुस्तके लिहिली जातात. दुसऱ्यावर चालवला तर फाशीचे दोर वळले जातात.

आपल्या वस्तीत फाशी नाही, हे खरे. पण एखादी विधवा कोणाशी बोलली, कोणाची मुलगी उशिरा घरी आली, याची चौकशी ओट्यावर रोज भरते. त्या बोलण्यानेही माणसे जिवंतपणी मरतात.

मिस्साच्या आरंभी आपण छातीवर हात मारतो. तो स्वतःच्याच छातीवर मारायचा असतो, शेजाऱ्याच्या नव्हे. या आठवड्यात एवढे जरूर लक्षात ठेवू या.

आपला,
फादर