दुसरा प्रश्न

पौडच्या गाडीत ओळखीचं माणूस चढलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'काय, कुणीकडं?' पुण्यात वाढलेल्यांना ही चौकशी भोचक वाटते. मला नाही वाटत. ओळख असून गप्प बसलं तर मुळशीत त्याचा अर्थ 'माजलाय' असा होतो, आणि तो फारसा चुकीचाही नसतो. आगाऊपणा सुरू होतो तो दुसऱ्या प्रश्नापासून.

पौड हे मुळशी तालुक्याचं ठिकाण. तहसील, कोर्ट, दस्तनोंदणी सगळं तिथंच. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात, लवासाही याच तालुक्यात. त्यामुळं भातखाचराला जो भाव आला त्यानं भावकीभावकीत कागद निघाले. अशा ठिकाणी 'पौडला जाऊन येतो जरा' हे पूर्ण उत्तर मानायचं असतं. कोथरूडला दिलेली लेक चांदणी चौकात गाडीत चढते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो. गावातली मावशी शेजारी सरकून जागा देते. 'माहेरी का गं?' 'हो, जरा.' मावशीला पिशवी दिसलेली असते. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला, तेव्हापासून भावांना बहिणींच्या सह्या लागतात. हक्कसोडपत्र म्हणजे काय हे मावशीला कुणी समजावून सांगायला नको. तरी ती विचारते ते लावणीचं, पोरांच्या शाळेचं, गुडघ्याचं. या न विचारण्याला मी सभ्यपणा म्हणतो. मावशी घरी गेल्यावर सुनेला काय सांगते, तो वेगळा विषय.

याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीच्या बसमध्ये, रीत उलटी. एकाच मजल्यावर काम करणारे दोघं एकमेकांना पाहतात, मान किंचित हलवतात आणि कानात इअरफोन घालतात. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६३च्या पुस्तकात अनोळखी लोकांच्या अशा वागण्याचं वर्णन केलं होतं: दखल घ्यायची, पण त्रास द्यायचा नाही. इथं ते ओळखीच्यांनाही लागू झालंय. दिवसभर मीटिंगमध्ये बोलून आलेल्या माणसाला तेवढी सुटका मिळाली तर बिघडलं कुठं?

तिकिटाचं मात्र अवघड होतं. आधी ज्याच्यापाशी कंडक्टर पोचला त्यानं 'दोन पौड' म्हणायचं, दुसऱ्यानं त्याचा हात धरायचा, आणि या झटापटीत कंडक्टरनं वैतागून उभं राहायचं. तिकीट काढून घेणारा मग उतरेपर्यंत बांधला जायचा. पैसे त्याचे, म्हणजे ऐकायचं आपण. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच फुकट झालं होतं. आता आजोबाच खिशातलं कार्ड दाखवून म्हणतात, 'आमचं सरकारनं काढलंय, तुझं तू बघ.' पुण्याच्या पीएमपी बसमध्ये ती सवलत नाही, पण तिथं मोबाइलवरून पैसे देतात, तेव्हा झटापटीला वेळच मिळत नाही. एक जुनी माया गेली असं म्हणणारे भेटतात. मला त्या मायेचं ओझंच जास्त आठवतं.

खरी पंचाईत बोलणं संपण्याची. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये पाडला, पुढच्या वर्षी नवे रस्ते खुले झाले, तरी भुगावात गाडी अडकतेच. पाऊस, भात, कुणाचं लग्न ठरलं, सगळं भुगावलाच बोलून होतं आणि पुढं भूकुम, पिरंगुट, घोटावडे फाटा असतातच. तिथं डोळे मिटायचे. झोप लागली नाही हे शेजाऱ्याला कळतं, त्यालाही तेच हवं असतं. फक्त आपला थांबा आधी आला तर झोपलेल्याला हलवून 'चला, उतरतो' म्हणायचंच. त्याला खरोखर झोप लागली असली तरी कुणी राग धरत नाही.