सोडायची जागा

राज्य सीईटी कक्षाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या सुरू झाल्या की बारावी संपलेल्या घरांत जेवणाच्या टेबलावर ताटांच्या आधी मागच्या वर्षीच्या कटऑफच्या प्रिंट पसरतात. पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या ओळी, कडेला पेनाने लिहिलेले कॉलेजांचे कोड, आणि त्यांत हरवलेले बाबा. मुलगी किंवा मुलगा बहुधा आतल्या खोलीत असतो. त्याचं जे व्हायचं ते निकालाच्या दिवशीच होऊन गेलेलं असतं.

98 पर्सेंटाइल म्हणजे 98 टक्के नव्हेत, हे मामाला आणि शेजारच्या काकूंना समजावताना मुलं थकून जातात. पीसीएम गटाची परीक्षा आता चार लाखांवर मुलं देतात. म्हणजे 98 पर्सेंटाइलवाल्याच्याही पुढे आठेक हजार मुलं उभी असतात. पुण्याच्या सीओईपीत कॉम्प्युटरची खुल्या प्रवर्गातली यादी 99 च्याही बरीच वर बंद होते. मूल हुशार आहे, त्याने अभ्यासही केला आहे, तरीही ती जागा मिळत नाही. यात कोणाचाच गुन्हा नाही, पण घरात वावर असा असतो की कोणीतरी गुन्हा केलाय.

मग हातात जे उरतं ते साधारण असं: सीओईपीतच मेटलर्जी, कराडच्या शासकीय कॉलेजात आयटी, नाहीतर पुण्यातल्या एखाद्या खासगी कॉलेजात संस्था स्तरावरच्या कोट्यातून हवी ती शाखा. या शेवटच्या पर्यायाचा आकडा फोनवर सांगत नाहीत, ‘समक्ष या’ म्हणतात. समक्ष गेलेला बाप परत येतो तो गावाकडच्या जमिनीचा हिशेब मनात मांडतच.

माझं मत विचाराल तर मेटलर्जी हा काही कमीपणाचा विषय नाही आणि कराड काही वनवास नाही. पण ज्याला धातूंत काडीचा रस नाही त्याने सीओईपीच्या 1854 पासून चालत आलेल्या नावासाठी आठ सत्रं काढावीत, हा सौदा मला पटत नाही. नाव सांगायला लग्नकार्यात दोन मिनिटं लागतात. सकाळची प्रॅक्टिकलं चार वर्षं चालतात आणि ती त्या पोराला एकट्यालाच करायची असतात. जमीन विकून घेतलेल्या जागेचं तर विचारूच नका. तिथे नापास व्हायचीही मुभा उरत नाही.

इथपर्यंत प्रश्न घरातला आहे. पुढे तो घराबाहेर जातो, आणि त्याची चर्चा त्या टेबलावर सहसा होत नाही.

हुकलेल्या प्रवेशाने माणूस धास्तावतो. धास्तावला की दोन्हीकडे हात धरून ठेवतो. कॅपमध्ये मिळालेली जागा शुल्क भरून पक्की करायची, शिवाय अभिमत विद्यापीठात किंवा परराज्यात वेगळे पैसे भरून ठेवायचे. ‘असू दे हाताशी, काय बिघडतं?’ पुढच्या फेरीपर्यंत खरंच काही बिघडत नाही. चांगल्या पर्यायासाठी बेटरमेंट मागणं हा नियमानेच दिलेला हक्क आहे आणि वरची जागा मिळाली की खालची आपोआप मोकळी होते. बिघडतं ते पुढे. मुलगा दुसरीकडे जायचं ठरवून, हॉस्टेलची गादीसुद्धा घेऊन मोकळा होतो आणि इकडची जागा रद्द करायची कोणालाच घाई नसते.

टीएफडब्ल्यूएसचंच बघा. या योजनेत शिक्षण शुल्क माफ असतं. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा, त्याही ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी. त्या भरल्या नाहीत तर दुसऱ्या प्रवर्गाला देता येत नाहीत. अशी जागा कोणी शेवटच्या फेरीपर्यंत अडवली आणि नंतर सोडली, तर यादीत त्याच्या खालच्या मुलीला कॉलेज कदाचित तेच मिळालेलं असतं, फक्त पूर्ण शुल्काने. तिच्या बापाने तोवर कर्जाचे कागद केलेले असतात.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘नियमात बसतंय ना?’ बसतं. मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर हजारेक रुपये कापून बाकीचं शुल्क परत मिळतं, आणि मुदत शेवटच्या फेरीच्याही पुढे असते. नियमाला तारखेशी मतलब. तुमचा निर्णय त्या तारखेच्या किती आधी झाला होता, हे तुमच्या घरालाच ठाऊक असतं. ‘आम्हाला कोणी सोडली होती का जागा?’ असंही ऐकलंय. ज्याच्यावर हा राग आहे तो सापडत नाही म्हणून यादीतल्या खालच्याने त्याची किंमत भरायची, असा हा न्याय.

काही घरांना खरोखरच थांबावं लागतं. शिष्यवृत्तीचं नक्की नसतं, जात वैधता प्रमाणपत्र अडकलेलं असतं, तिकडच्या कॉलेजचं पत्र आलेलं नसतं. त्यांनी थांबावं, शेवटच्या दिवसापर्यंत थांबावं. पण पत्र हातात पडलं, पैसे भरले, मुलगा निघाला, आता फक्त आळस उरलाय, अशा घरांची गोष्ट वेगळी. त्यांचं काम लॉगिन करून अर्ज भरण्याचं आणि प्रत कॉलेजात देऊन पोच घेण्याचं आहे. पुढच्या फेरीच्या रिक्त जागा जाहीर होण्याआधी ते झालं तर ती जागा त्या यादीत दिसते.