पारख आणि तिचे मोल

आमच्या परिचयातील एका तरुणाने परवा आमच्यापुढे एक तक्रार मांडली. हा तरुण पूल नावाचा खेळ खेळतो. बनातीने मढविलेल्या टेबलावर लाकडी काठीने पांढरा चेंडू मारून त्याच्या धक्क्याने इतर चेंडू सहा खिशांत पाडावयाचे, असा हा बिलियर्डच्या कुळातील खेळ आहे. आणि त्या काठीस क्यू असे म्हणतात. स्वतःची काठी असावी म्हणून तो शहरातील एका दुकानात गेला. दुकानदाराने आतल्या टेबलावरील आच्छादन काढले, दिवा लावला आणि एकामागून एक नऊ काठ्या त्याच्या हाती दिल्या. दोन तास खेळून पाहिल्यावर त्यांतील एक त्यास मनापासून आवडली. तिचे नाव, वजन व टोकाची जाडी त्याने टिपून घेतली, "विचार करून येतो" असे सांगून तो बाहेर पडला, आणि घरी बसून इंटरनेटवरून दूरच्या एका विक्रेत्याकडे तीच काठी मागविली. 1,800 रुपये वाचले. आठ दिवसांनी पार्सल आले. नाव तेच, वजन तेच, रंगही तोच. परंतु टेबलावर मात्र ती काठी ती नव्हती. "मला फसविले कोणी?" असा त्याचा आम्हांस प्रश्न होता.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. पण त्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत, आणि दोन्हीही आपणा सर्वांच्या व्यवहाराचे आहेत. हाताळून जे ज्ञान होते त्याचे स्वरूप काय, हा पहिला. आणि ते ज्ञान ज्याच्या कृपेने झाले त्याचे आपण काही देणे लागतो काय, हा दुसरा.

खेळ आपणांस परका आहे असेही नाही. त्याचे भावंड जे स्नूकर, त्याचा जन्म 1875 च्या सुमारास जबलपूरच्या इंग्रजी छावणीत झाला असे मानतात. आणि 1958 साली कलकत्त्यास बिलियर्डचे हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविणारे विल्सन जोन्स हे जन्माने पुण्याचे होते. तेव्हा या काठीविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही.

पूलची काठी बहुधा मेपलच्या लाकडाची, मध्ये सांधा असलेली आणि सुमारे 58 इंच लांब असते. वजन 18 ते 21 औंस. टोकास चामड्याची चकती बसविलेली असते. तिचा व्यास 12 ते 13 मिलिमीटर. ही सारी मापे कागदावर लिहिता येतात व ती खरीही असतात. परंतु 19 औंसांच्या दोन काठ्या घेतल्या, तर एकीचा भार मुठीकडे व दुसरीचा पुढे असू शकतो. आणि मनगटास जे जाणवते ते वजनापेक्षा हा तोलच होय. पुष्कळ काठ्यांत मुठीच्या पोटातील लोखंडी स्क्रू बदलून वजन कमीअधिक करता येते. मग आकडा तोच ठेवूनही तोल निराळा होऊ शकतो. शिवाय लाकूड हे झाडाचे असते, साच्यातून ओतलेले नसते. एकाची रेषा सरळ जाते, दुसऱ्याची तिरपी. आणखी एक गोष्ट. चेंडूस मध्यापासून उजवीकडे मारले, तर तो नेमक्या रेषेत न जाता किंचित डावीकडे सरकून निघतो. तो किती सरकतो, हे काठीच्या पुढील भागाच्या वजनावर पुष्कळसे अवलंबून असते. खेळणारा वर्षानुवर्षे नकळत हाच हिशेब शिकत असतो, आणि तो त्याच्या मेंदूपेक्षा त्याच्या दंडातच अधिक मुरलेला असतो. दुसऱ्याला तो सांगावा कसा?

आमच्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानिली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विक्रेत्याच्या यादीतील वर्णन हा शब्द होय. पण शब्द प्रमाण होण्यास बोलणारा आप्त असावा लागतो. म्हणजे त्यास वस्तूचे यथार्थ ज्ञान हवे आणि ते तसेच सांगण्याची बुद्धीही हवी. ज्यास माल खपवावयाचा आहे तो खोटेच बोलतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचे वाक्य आप्तवाक्य म्हणून डोळे मिटून घेता येत नाही. आमच्या तरुण स्नेह्याने शब्दावर विश्वास ठेविला नाही, हे त्याचे शहाणपण. त्याने प्रत्यक्षाचा आश्रय केला. मात्र प्रत्यक्ष झाले ते एका काठीचे, आणि पैसे दिले ते तिच्यासारख्या दुसरीसाठी. गाईसारखा दिसणारा प्राणी तो गवय, हे उपमानाचे शाळेतील उदाहरण. त्याने जात ओळखते, व्यक्ती ओळखत नाही. तरुणाच्या हाताने एक व्यक्ती ओळखली होती. त्याने खरेदी केली ती जात. म्हणून त्यास कोणी फसविले असेल, तर ते "तीच" या शब्दाने.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हाताला इतके थोर का मानावे? हातही फसतो. दुकानातील टेबल स्वच्छ, उजेड चांगला, चामडे नवे, आणि मनात घेण्याची उत्सुकता. अशा वेळी दोन चेंडू नशिबाने पडले की मनुष्य काठीच्या प्रेमात पडतो. हा आक्षेप खोटा नाही. स्टीफन हेन्ड्री या स्कॉटिश खेळाडूने 1990 ते 1999 या काळात स्नूकरचे जागतिक अजिंक्यपद सात वेळा जिंकले, ते मुलपणी घेतलेल्या एका स्वस्त काठीने. पुढे 2003 साली विमानप्रवासात ती मोडली. कारागिराच्या दृष्टीने ती मोठीशी मौल्यवान नव्हती. पण हजारो तासांच्या सहवासाने हात तिच्याजोगा झाला होता आणि ती हाताजोगी झाली होती. मग दोन तासांच्या परीक्षेला अर्थ तो काय?

अर्थ आहे, पण मर्यादित आहे. परीक्षेने उत्तम काठी सापडते असे नव्हे. जिच्याशी आपले कधीच जमणार नाही ती बाजूला पडते, इतकेच. उरलेले काम सवय करते. परंतु एवढ्या थोड्या ज्ञानासही दुसरा मार्ग नाही, आणि म्हणूनच ते ज्याने मिळवून दिले त्याच्याकडे आता वळले पाहिजे.

त्या दोन तासांत दुकानदाराने काय दिले? टेबलाची जागा, तिचे भाडे, बनातीची झीज, दिव्याची वीज आणि स्वतःचा वेळ. यांपैकी कशाचेही बिल त्याने केले नाही. कारण विकल्या जाणाऱ्या काठीच्या किमतीत त्याने हा खर्च आधीच धरला आहे. दूरचा विक्रेता 1,800 रुपये स्वस्त देतो, त्याचे एक कारण हेच की त्यास असे टेबल ठेवावे लागत नाही. म्हणजे आमच्या स्नेह्याने पारख एकाकडून घेतली आणि मोल दुसऱ्यास दिले. उरलेले मोल दिले कोणी? त्याच्यानंतर येऊन त्या दुकानातच काठी विकत घेणाऱ्या भल्या माणसाने.

यावर उत्तर ठरलेले आहे: दुकान उघडे आहे, काठ्या मारून पाहण्यासाठीच ठेविल्या आहेत, घेतलीच पाहिजे असा करार कोणी केला नव्हता. हे सर्व आम्हांस मान्य आहे. नऊच काय, एकोणीस काठ्या पाहून एकही न आवडता परत फिरण्यात काडीचाही दोष नाही; तो धोका दुकानदाराने पत्करलेलाच असतो. दोष आहे तो हेतूत. घ्यावयाची इच्छा धरून जो पारखतो तो गिऱ्हाईक. येथे घ्यावयाचे नाही असे आधीच ठरवून जो पारखतो, तो गिऱ्हाइकाचा वेष घेतलेला असतो. दुकानदाराने दिवा लावला तो गिऱ्हाइकासाठी. "विचार करून येतो" हे वाक्य त्या तरुणाने का उच्चारिले? खरे सांगितले असते तर दिवा विझला असता, हे त्यास ठाऊक होते. जो व्यवहार मोकळेपणाने बोलून करता येत नाही, त्यात कोठेतरी दुसऱ्याचे काही घेतलेले असते, अशी शंका घेण्यास हरकत नाही. आणि सर्वांनीच असे केले, तर ते टेबल एक दिवस उचलले जाईल. मग पारखावयाचे कोठे?

मध्यमवर्गाच्या घरी 1,800 रुपये ही थट्टेची रक्कम नव्हे, हे आम्ही जाणतो. काटकसर हा आमच्या घराण्यांचा जुना सद्‌गुण आहे. परंतु काटकसर आपल्या गरजांतून करावयाची असते, दुसऱ्याच्या श्रमांतून नव्हे. "माझ्याजवळ इतकेच पैसे आहेत, बाहेर ही इतक्याला मिळते, तुम्हांस काही करता येईल काय?" असे विचारण्यास लाज कसली? दुकानदार थोडे उतरेल, किंवा उतरणार नाही. तासाचे पैसे मागेल, किंवा हसून सोडून देईल. काहीही झाले तरी हिशेब दोघांच्या देखत होईल. दुकानदाराचेही एक कर्तव्य आहे. गिऱ्हाइकाने जी काठी पारखली तीच त्याच्या हवाली केली पाहिजे. आतून बांधलेली नवी आणून "तीच आहे, साहेब" म्हणणारा दुकानदार आमच्या स्नेह्याहून निराळा नाही.

आम्ही हे सर्व त्यास सांगितले. तो काही वेळ गप्प बसला व मग म्हणाला की, चार दिवसांपूर्वी तो पुन्हा त्या दुकानात गेला होता. ती काठी भिंतीवर तशीच होती. दुकानदाराने त्यास ओळखले आणि तो आपण होऊन म्हणाला, "या, अजून विचार चालू आहे ना? पुन्हा एकदा मारून पाहा." असे म्हणून त्याने दिवा लावला. आमच्या स्नेह्याने काठी हाती घेतली खरी, पण त्याच्याने चेंडू मारवेना. काही सबब सांगून तो निघून आला.

"आता मी काय करावे?" असे त्याने विचारले. प्रथम विचारलेला प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. आम्ही त्यास एवढेच म्हणालो की, काठी घेणे वा न घेणे हे तुमच्या पैशांवर अवलंबून आहे. परंतु त्या गृहस्थास खरी हकीकत सांगण्यास पैसे लागत नाहीत. तेथून आरंभ करावा.