रुग्णांनी ठेवलेले दप्तर

२००८ सालच्या फेब्रुवारीत इटलीतील काही संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला आणि मनोविकारांवर दीर्घकाळ वापरले जाणारे लिथियम हे स्वस्त औषध ‘एएलएस’ या असाध्य व्याधीची गती रोखू शकते, असे त्यात प्रतिपादन केले. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे जगाला परिचित झालेली ही व्याधी. तिच्यात स्नायूंना आज्ञा पोहोचविणाऱ्या चेतापेशी एकामागून एक मरत जातात, हातपाय निकामी होतात, वाचा जाते, अखेरीस श्वसनाचेही बळ सरते; आणि हे सारे घडत असता बहुतेक रुग्णांची बुद्धी मात्र लख्ख जागी असते. निदानानंतर सामान्यतः दोन ते पाच वर्षांचे आयुष्य उरते, आणि ते थोडेसे लांबविणारे रिलुझोल हेच काय ते औषध तेव्हा हाताशी होते. इटलीच्या पाहणीत लिथियम घेणारे रुग्ण अवघे १६ होते. परंतु १५ महिन्यांत त्यांपैकी एकही दगावला नाही, आणि ते न घेणाऱ्या २८ जणांपैकी सुमारे ३० टक्के दगावले. हा मजकूर वाचणाऱ्या रुग्णाला, रीतसर चाचण्या पुऱ्या होईपर्यंत आपण थांबावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

अनेक रुग्ण थांबले नाहीत. त्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून लिथियम लिहून घेतले. तसे पाहता, निराश माणूस हाताला लागेल ते औषध घेतो, यात नवल नाही. नवल आहे ते पुढल्या गोष्टीत. ब्राझीलमधील एक रुग्ण आणि वडिलांना हीच व्याधी जडलेली कॅलिफोर्नियातील एक भूकंपशास्त्रज्ञ, या दोघांनी पुढाकार घेतला आणि लिथियम घेणाऱ्यांनी आपली मात्रा व आपली अवस्था नियमाने लिहून ठेवावी, असे ठरले. ही नोंद ठेवण्यास ‘पेशंट्सलाइकमी’ हे संकेतस्थळ तयारच होते. स्टीफन हेवूड या तरुणाला १९९८ मध्ये एएलएस झाल्याचे कळल्यावर त्याचे अभियंते भाऊ जेमी आणि बेन यांनी एका मित्राच्या साहाय्याने २००४ मध्ये ते उभारले होते. स्टीफन २००६ मध्ये निवर्तला. पण रुग्णांनी आपल्या दुखण्याचा तपशील एकमेकांसमोर उघडपणे मांडावा, ही त्याच्या भावांनी घालून दिलेली रीत रुजली होती.

तो तपशील कसा मांडला जाई, हे जवळून पाहण्याजोगे आहे. चेतारोगतज्ज्ञांच्या वापरातली बारा प्रश्नांची एक मोजपट्टी आहे. बोलणे इतरांना कळते का, गिळताना ठसका लागतो का, अक्षर वाचता येते का, कपडे स्वतः घालता येतात का, अंथरुणात कूस बदलून पांघरूण नीट करता येते का, जिना चढता येतो का, उताणे निजले असता धाप लागते का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि धडधाकट माणसाची बेरीज ४८. महिन्यामागून महिने एक-एक गुण गळत जातो. आपल्याच ऱ्हासाचा असा हिशेब स्वहस्ते, आणि हात चालेनासा झाल्यावर दुसऱ्याकडून लिहवून, ठेवीत राहणे यास केवढे मनोधैर्य लागत असेल, याची कल्पना निरोगी माणसाला सहजी यावयाची नाही.

या दप्तरातून जो निष्कर्ष निघाला तो २०११ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. लिथियम घेणारे १४९ रुग्ण निवडून, त्यांतील प्रत्येकाशी, औषध सुरू करण्यापूर्वी ज्यांचा आजार त्याच्याच चालीने वाढत होता असे तीन-तीन, म्हणजे एकूण ४४७ रुग्ण ताडून पाहिले गेले. बारा महिन्यांअखेर दोहोंत काहीही अंतर दिसले नाही. लिथियम निरुपयोगी होते.

येथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आपण औषध घेत आहोत की खोटी गोळी हे रुग्णापासून लपविलेले नव्हते, मध्येच औषध सोडणारेही पुष्कळ होते. हे सर्व आक्षेप रास्त आहेत, आणि अशी नोंद म्हणजे नियंत्रित चाचणीची बरोबरी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही मागाहून झालेल्या नियंत्रित चाचण्यांनी तोच निर्णय दिला. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, ज्यांची अखेरची आशा पणाला लागली होती, त्यांनीच ती खोटी ठरविणारा पुरावा प्रामाणिकपणे गोळा केला. रुग्ण हा स्वभावतःच आपल्या आशेचा पक्षपाती असतो, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य धरू नये, ही वैद्यकातील जुनी समजूत. तिला एवढे सणसणीत उत्तर दुसरे माझ्या माहितीत नाही.

अन्यत्र रुग्णांनी संशोधकांना उत्तराऐवजी प्रश्न पुरविला. हृदयाच्या रोहिणीचे अस्तर अकस्मात फाटून येणारा एक प्रकारचा झटका बहुधा अशा स्त्रियांना येतो, ज्यांना ना मधुमेह असतो ना रक्तदाब. आणि एकेका डॉक्टरच्या वाट्याला असे रुग्ण इतके थोडे येत की, त्याचा अभ्यासच होत नसे. इंटरनेटवरून एकमेकींना सापडलेल्या अशा स्त्रियांनी २००९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉ. शॅरन हेज यांच्याकडे धाव घेतली. डॉक्टरीणबाईंना प्रारंभीच्या अभ्यासासाठी १२ जणी हव्या होत्या; आठवड्याच्या आतच १८ जणी पुढे आल्या. २०२० मध्ये कोविडने दीर्घकाळ पीडलेल्यांनी तर स्वतःच प्रश्नावली रचली, आणि पुढील वर्षी ५६ देशांतील ३,७६२ जणांची हकीकत शास्त्रीय नियतकालिकात छापून आणली.

परंतु दप्तर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न उरतोच. ‘पेशंट्सलाइकमी’ ही व्यापारी कंपनी होती. रुग्णांची माहिती औषध कंपन्यांना विकून आपला खर्च चालतो, हे तिने लपविले नव्हते. पण २०१९ मध्ये, तिच्यात मोठे भांडवल घातलेल्या चिनी कंपनीला अमेरिकी सरकारने आपला हिस्सा विकावयास लावले आणि ती संस्था युनायटेडहेल्थ या आरोग्यविम्याच्या बलाढ्य समूहाकडे गेली. गिळताना आपल्याला ठसका लागतो, असे ज्याने समदुःखितांच्या हितार्थ लिहिले होते, त्याचे ते लिखाण धन्यासह हस्तांतरित झाले. मला हे अन्याय्य वाटते, मग कायद्याच्या दृष्टीने ते कितीही निर्दोष असो. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ मध्ये ‘मिडाटा’ नावाची सहकारी संस्था स्थापन झाली, जिचे सभासद सामान्य नागरिक असून आपली माहिती कोणत्या संशोधनास द्यावयाची हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. ज्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी उसाचे कारखाने सहकाराने उभे केले, त्या महाराष्ट्राला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज पडू नये.

दुखणे सोसणाऱ्यालाच त्याविषयी विचारावे, या विचाराची आपल्याकडे पूर्वपीठिकाही आहे. संगणक खेड्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणे होते, सोसणेही होते. विचारणारे कोणी नव्हते. आज, कोणते संशोधन चालू आहे हे रुग्णाला कळावे यासाठी, औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे आहे, आणि ती कोणालाही घरबसल्या पाहता येते. पण तिच्यातील मजकूर इंग्रजीत. वाशीमच्या रुग्णाने तो वाचावा कसा?

पण नुसते भाषांतर करूनही भागणार नाही. एएलएसच्या मोजपट्टीतील त्या बारा प्रश्नांपैकी एक अन्न कापण्याविषयी आणि काटा-सुरी हाताळण्याविषयी आहे. आपल्याकडे विचारावयास हवे की, भाकरीचा तुकडा मोडता येतो का, कालवलेला भात न सांडता तोंडाशी नेता येतो का. मांडी घालून बसल्यावर आधाराविना उठता येते का, शौचास उकिडवे बसता येते का, हे तर मूळ प्रश्नांत नाहीच. आणि खेड्यातल्या म्हाताऱ्याचे स्वावलंबन बहुधा तेथेच प्रथम संपते. असे प्रश्न रचताना तज्ज्ञांनी रुग्णांना शेजारी बसवून घ्यावे, ज्याला लिहिता येत नाही त्याला तोंडी सांगण्याची सोय ठेवावी, आणि उत्तर मुलाने वा सुनेने लिहून दिले असल्यास तशी नोंद आवर्जून करावी. कारण सुनेसमोर सासरा सगळेच सांगत नाही.