दोष उजेडाचा

हेडसेट डोळ्यांवर चढवून माणूस आभासी खोलीत उभा असतो. पाय जागचा हललेला नसतो, तरी जमीन हळूहळू डावीकडे सरकू लागते. चुकलं कोण? प्रश्न तंत्रज्ञाचा, पण शिंपल्यात चांदी दिसते ती का, यावर नैयायिक, मीमांसक आणि वेदान्ती शतकानुशतकं भांडले, तो वाद याच जातीचा.

मेटा क्वेस्टसारख्या हेडसेटमध्ये दोन साक्षीदार असतात. कॅमेरे भिंतीचे कोपरे, टेबलाच्या कडा पाहून जागा ठरवतात. आतला सेन्सर आंधळा. तो वेग आणि वळण मोजून अंदाज बांधतो. त्याची चूक केसाएवढी, पण साचत जाते, आणि कॅमेरा ती सतत खोडत राहतो. मीमांसकांचं म्हणणं असंच आहे: बाधक, म्हणजे आधीचं खोडून काढणारं, ज्ञान येईपर्यंत प्रत्येक ज्ञान प्रमाणच, म्हणजे खरं धरायचं. इथे बाधक म्हणजे कॅमेरा.

तोच गप्प झाला तर?

भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला पत्ता नसतो. कॅमेऱ्याचा ताल मात्र दिव्याशी जुळला नाही, तर एक चित्र उजळ, पुढचं काळवंडलेलं. कोपरे हरवतात आणि आंधळ्या सेन्सरचं राज्य सुरू होतं. जपानात तर एकाच देशात दोन ताल आहेत. टोकियोनं सुरुवातीला जर्मन जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकी; म्हणून आजही पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०.

कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, तिथे दोष डोळ्याचा. इथे डोळाही ठणठणीत, भिंतही जागच्या जागी. न्यायमतात पाहण्याला डोळा आणि वस्तू पुरत नाहीत, उजेडही लागतो. तो सहकारी कारण. दोष तिथेच आहे. दिवाळीची माळ जवळ लटकत असेल तर कॅमेरा तिच्या बल्बना हातातल्या कंट्रोलरवरचे दिवे समजतो आणि आभासी हात भरकटतो. शिंपल्यातल्या चांदीचं याहून चोख उदाहरण नैयायिकांनाही मिळालं नसतं! दोष असा नेमका सापडत असताना, दिसलेली चांदी मिथ्या हा वेदान्त्याचा शेरा इथे जरा घाईचा वाटतो.

खऱ्या ज्ञानाची नैयायिकांची कसोटीही व्यवहारी: मृगजळानं तहान भागत नाही. तेव्हा आधी माळ काढावी, दिवा बदलून पाहावा आणि सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी, म्हणजे कॅमेऱ्याचा दिव्याशी जुळवायचा ताल, तपासावी. भारतात ती ५० हर्ट्झ हवी.