गोवर्धनाला लावलेल्या काठ्या

थॅनोसचं म्हणणं मला परकं वाटलं नाही. 2018 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'मध्ये हा खलनायक सांगतो की जगात आहे ते थोडं आणि खाणारी तोंडं फार, निम्मे जीव पुसून टाकले की उरलेले पोटभर जेवतील. त्यात गरीब-श्रीमंत बघायचं नाही, चिठ्ठी निघेल तो गेला. त्याच सालच्या ऑक्टोबरात राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात जालना जिल्ह्यातले बहुतेक तालुके होते. पुढच्या उन्हाळ्यात कीर्तनासाठी ज्या गावी जावं तिथे टँकरची वाट बघणारी माणसं. टँकरवाला पाइप विहिरीत सोडायचा. पाणी तळाला पसरायच्या आत चारी बाजूंनी पोहरे पडायचे, दोरात दोर अडकायचे, आणि वर येईस्तोवर पोहऱ्यात गाळच जास्त. अंबड तालुक्यातल्या एका विहिरीच्या काठावर एक म्हातारबाबा मला म्हणाले, "माणसंच लई झाली महाराज. पाणी हाय तेवढंच." त्यांच्या मनात कोणाचं वाईट नव्हतं. पण हिशोब थॅनोसचाच होता.

म्हणून अ‍ॅव्हेंजर्स नावाच्या वीरांचे हे चित्रपट मी मनावर घेतले. कीर्तन संपल्यावर पोरं पाया पडायला येतात आणि हळूच विचारतात, महाराज, थॉर मोठा की हनुमान? त्यांना हसून वाटेला लावणं मला पटत नाही. संकट आलं की अनेक शक्तिमान एकत्र येतात आणि जग वाचवतात, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. ती नवीन लोक कशी सांगतात हे आख्यान लावणाऱ्या माणसाने बघितलंच पाहिजे. मी 'इन्फिनिटी वॉर' आणि 26 एप्रिल 2019 ला आलेला 'एंडगेम' हे दोन्ही हिंदीतून पाहिले, आणि काही प्रसंग पुन्हा लावून पाहिले.

पुन्हा पाहिला तो मुख्यतः वॉर्मिरचा कडा. निम्मे जीव पुसायला जे मणी लागतात, त्यातला या ग्रहावरचा मणी हवा असेल तर ज्याच्यावर जीव आहे त्याचा जीव द्यावा लागतो. पहिल्या चित्रपटात थॅनोस आपल्या मानलेल्या मुलीला, गमोराला, तिथे घेऊन येतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. तिचा हात धरून तो तिला ओढत कड्यापाशी नेतो आणि खाली फेकतो. दुसऱ्या चित्रपटात त्याच कड्यावर वीरांपैकी नताशा आणि क्लिंट त्याच मण्यासाठी येतात. दोघेही आयुष्यभर हातात शस्त्र धरलेले, दोघांच्या पाठीशी केलेल्या पापांची यादी. कोणी मरायचं यावरून त्यांच्यात झटापट होते, आणि ती मीच मरणार म्हणून. तो तिला पाडून पळतो, ती त्याला अडवते, शेवटी दोघे कड्याला लोंबकळतात. त्याने तिचा हात घट्ट धरलेला असतो आणि ती त्याला सोड म्हणते, मग पायाने कड्याला रेटा देऊन स्वतःच सुटते.

दुसऱ्याचा बळी देणं आणि आपली हाडं काढून देणं यातलं अंतर सांगायला आम्ही दधीची ऋषींची कथा लावतो. इंद्राला वज्र हवं होतं, दधीचींनी देह ठेवला. पण ते अंतर एकाच जागी, एकाच अटीवर, दोन वेळा दाखवून प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणणं हे मोठ्या कथाकाराचं काम आहे. अँथनी आणि जो रुसो या दिग्दर्शक भावांना त्यासाठी मी मनापासून दाद देतो. मणी दोन्ही वेळेला मिळतो, म्हणजे कड्याला दोन्ही सारखेच. फरक करायचा तो बघणाऱ्याने. शेवटी त्या वीरांतलाच टोनी स्टार्क स्वतःच्या हातात सगळे मणी घेतो आणि त्या भाराने जातो, ते या कड्यावरून आल्यामुळेच पटतं.

या वीरांचं आपसात पटत नाही हेही मला चांगलं वाटतं. 2016 च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये आपल्यावर सरकारांचा अंकुश असावा की नसावा यावरून त्यांची फूट पडते, आणि ती जखम पुढच्या चित्रपटांतही लवकर भरत नाही. शक्ती एकत्र आल्या म्हणून मनं एकत्र येत नाहीत, हे खरं आहे.

कच्च्या जागाही आहेत. पात्रांची गर्दी इतकी की काहींना दोन वाक्यं मिळतात आणि एक उडी. करुण रस जमत आला की कोणीतरी विनोद करतो. हास्य आम्हीही वापरतो, पण करुणाच्या आधी. श्रोत्याचे डोळे भरून आले असताना त्याला हसवलं तर ते रडू पुन्हा येत नाही.

पण याहून मोठी उणीव श्रद्धेच्या अंगाने आहे. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचं ठाणं आहे. नवरात्रात तिथे महिषासुराचं आख्यान लावलं की गर्दी हलत नाही. सगळे देव हरलेले असतात. प्रत्येकाच्या अंगातून तेज निघतं, त्या तेजाची एक देवी होते. शिव त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो, हिमालय सिंह देतो. मग देव बाजूला होतात, आणि लढते ती. ज्याने आपलं दिलं त्याचं वेगळं काही उरत नाही. केनोपनिषदात तर देवांना विजयानंतरचा धडा आहे. आपणच जिंकलो असं त्यांना वाटायला लागतं, तेव्हा एक यक्ष समोर येऊन गवताची काडी ठेवतो. अग्नीला ती जाळता येत नाही, वायूला हलवता येत नाही. ताकद आपली नव्हतीच, हे उमा इंद्राला सांगते. चित्रपटातल्या वीरांपुढे अशी काडी कोणी ठेवत नाही. त्यांची ताकद त्यांचीच राहते, म्हणून त्यांच्या एकत्र येण्यात बेरीज होते, समर्पण क्वचित होतं. नताशा ते करते, टोनी करतो. बाकीचे आपापली ढाल-हातोडा सांभाळून असतात.

आणि ज्यांना वाचवायचं ती माणसं कुठे असतात? ती पळतात, किंचाळतात, धुळीत नाहीशी होतात आणि पाच वर्षांनी परत येतात. निम्म्यांना पुसताना त्यांना कोणी विचारलं नाही, परत आणतानाही विचारलं नाही. एकाने चुटकी वाजवून मारलं, दुसऱ्याने चुटकी वाजवून उठवलं. थॅनोस हरतो, पण त्याच्या हिशोबाला उत्तर मिळत नाही. तोंडं पुन्हा दुप्पट झाली, आता पाण्याचं काय, हे त्या युद्धभूमीवर कोणाच्या मनातही येत नाही. टँकरच्या गावात बसून बघणाऱ्याला ते पहिल्यांदा आठवतं.

कृष्णाने करंगळीवर गोवर्धन उचलला तेव्हा गोपाळांनी खालून आपल्या काठ्या लावल्या, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. देवाला त्या काठ्यांची गरज होती का? नव्हती. काही बुवा इथे गोपाळांचा अहंकार काढतात, आणि तोही अर्थ बरोबर आहे. मला मात्र असं वाटतं की सात दिवस सात रात्री डोंगराखाली नुसतं उभं राहिलेलं गोकुळ आणि काठी लावून उभं राहिलेलं गोकुळ ही दोन वेगळी गोकुळं आहेत. पाऊस थांबल्यावर दुसरं गोकुळ पुन्हा इंद्राला भ्यायचं नाही. तारणारा देव जर माणसाला नुसता वाचलेला ठेवत असेल, तर त्याने अर्धंच तारलं.

समर्थ रामदास 1608 साली जांबेला जन्मले, आमच्या घनसावंगी तालुक्यात. पुढे त्यांनी कृष्णाकाठच्या मुलखात मारुती बसवले, त्यातले अकरा प्रसिद्ध आहेत. शक्तीचा एवढा मोठा देव, पण त्यांनी तो एका डोंगरावर ठेवून लोकांना यात्रेला बोलावलं नाही. तो गावात आणला आणि गावच्या पोरांना त्याच्यापुढे दंड-बैठका मारायला लावलं.

विहिरीवरच्या म्हातारबाबांना त्या दिवशी मी कडवंचीचं नाव सांगितलं. जालना तालुक्यातलं गाव, पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा. 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यावर बंधारे. त्या कार्यक्रमात श्रमदान लागायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागायची. म्हणजे ज्याच्याकडे चार शेळ्या होत्या त्यालाही काही सोडावं लागलं, आणि ते त्याच्यावर कोणी कड्यावरून लादलं नव्हतं, गावाने बसून ठरवलं होतं. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. गावातलं एकही माणूस कमी करावं लागलं नाही.

बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्या गावानं बसायचं ठरवलं तर तुम्ही येताल का, कीर्तन ठेवून?" मी हो म्हटलं. आख्यान गोवर्धनाचं लावायचं, हेही तिथेच ठरलं.